बेतासह दिलेला अंगरखा : मुक्त संगणकप्रणालीचा इतिहास व आमचा घरचा प्रयोग

स्मरणिकेच्या या पानांतून आपण दरवर्षी ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे, क्षेत्रांची माहिती आणि संस्थेच्या कार्याचा वृत्तांत वाचीत असतो. यंदा संपादक मंडळाने आम्हांस इतिहासविषयक लेख लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही थोडी वाट वाकडी करून एका निराळ्याच इतिहासाकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधण्याचे योजिले आहे. हा इतिहास परदेशात घडला आणि तो संगणकाचा आहे. तथापि आपल्या शिंपी समाजास तो जितका सहज कळेल तितका इतर कोणास कळेल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय संस्थेच्या कपाटात २००१ सालापासून असलेली आणि पुढे वाचेनाशी झालेली ज्ञातीची नोंदवही पुन्हा कशी वाचता आली, याची हकीकत याच ओघात सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ बांधवांनी त्याविषयी पृच्छा केली होती, त्यांस हे उत्तर समजावे.

शिवण आणि बेत

आपल्या जुन्या पिढीत कापड शिवणारे पुष्कळ होते, परंतु बेतणारा एखादाच असे. दुकानात राहिलेल्या पोरास काजे करणे, गुंड्या लावणे, तुरपाई करणे हे सर्व मनापासून शिकविले जाई. मात्र धन्याने कात्री हाती घेऊन कापड बेतावयास घेतले की त्या पोरास नेमके पाणी आणावयास पाठवीत. आमच्या आजोबांचा बाराबंदी बेतण्यात हातखंडा होता. ते गेल्यावर आमच्या तीर्थरूपांनी त्यांच्या हातची एक जुनी बाराबंदी टाका न टाका उसवून पाहिली. तुकडे सर्व हाती आले, परंतु शिवणीत किती कापड सोडले होते, बगलेत ओढ कोठे दिली होती आणि कोणते माप धरून ते सर्व काढले होते, हे त्या तुकड्यांनी सांगितले नाही. आजोबांच्या हातची बाराबंदी आजोबांबरोबर गेली. त्यात आजोबांचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. पोटाचा धंदा होता आणि काळही तसा होता. पण नुकसान झाले ते झालेच.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच धंद्यातले आहे. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या एका शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी बेत तयार करून विकण्यास आरंभ केला. त्या कागदांमुळे घरोघरी बायका आपल्या हाताने मुलांचे कपडे बेतू लागल्या. बेत लोकांच्या हाती गेल्याने शिंप्याचा धंदा बुडाला नाही, शिवणाऱ्यांची संख्या मात्र वाढली.

आता संगणकाकडे वळू. संगणक हे यंत्र स्वतः होऊन काही करीत नाही. कळ दाबली असता अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेले जपून ठेवणे, छपाईयंत्रास कामास लावणे, या सर्वांची व्यवस्था पाहणारा जो मुख्य कारभारी, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. ही प्रणाली माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रथम लिहिली जाते. त्या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. मग त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. सोर्स कोड हा बेत होय आणि आकड्यांचे रूप हा शिवलेला अंगरखा होय. बाजारात आपणांस बहुधा अंगरखाच मिळतो, बेत कारखानदाराच्या कुलपात राहतो. अंगरखा कितीही उसवला तरी त्यातून पूर्ण बेत हाती येत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. ज्यांनी अंगरख्याबरोबर बेतही देण्याचा निश्चय केला, त्यांचा हा इतिहास आहे.

एका छपाईयंत्राची गोष्ट

प्रारंभी संगणक मोठे, महाग आणि थोडे होते. त्या काळी सॉफ्टवेअर ही निराळी विकण्याची वस्तू आहे असे फारसे कोणी मानीत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स नावाची प्रणाली उभारण्यास आरंभ केला. १९७३ साली ती बव्हंशी 'सी' या भाषेत पुन्हा लिहिली गेली, त्यामुळे ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे सोपे झाले. बेल प्रयोगशाळेच्या मालक कंपनीवर १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनीखेरीज अन्य धंदा करण्याचे निर्बंध होते. म्हणून युनिक्स विद्यापीठांस अल्प मोबदल्यात, आणि तीही सोर्स कोडसह मिळू लागली. विद्यार्थी ती वाचून शिकले, त्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. १९८४ साली त्या कंपनीचे विभाजन झाले, ते निर्बंध सुटले आणि युनिक्स हा विक्रीचा माल झाला. बेताचा कागद पुन्हा कपाटात गेला.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक तरुण संगणकज्ञ काम करीत होते. तेथील एका छपाईयंत्रात कागद वारंवार अडकत असे. जुन्या यंत्राच्या बाबतीत स्टॉलमन यांनी सोर्स कोडमध्ये फेरफार करून, कागद अडकताच संबंधितांच्या पडद्यावर सूचना यावी अशी सोय केली होती. नव्या यंत्राबरोबर मात्र सोर्स कोड आला नाही. ज्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकापाशी तो होता, त्याच्याकडे स्टॉलमन मागावयास गेले असता, आपण तो कोणास न देण्याचे वचन लिहून दिले आहे असे सांगून त्याने नकार दिला. गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु शेजाऱ्यास मदत न करण्याचे वचन माणसाने लिहून द्यावे, हे स्टॉलमन यांच्या मनास फार लागले.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केले की, युनिक्सप्रमाणे चालणारी परंतु सर्वांस मुक्त असणारी एक संपूर्ण प्रणाली आपण लिहिणार. तिचे नाव त्यांनी ग्नू असे ठेविले. १९८४ च्या जानेवारीत, आपल्या लिखाणावर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून, त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि १९८९ साली जी.पी.एल. या नावाचा परवाना प्रसिद्ध झाला.

हा परवाना नीट समजून घेण्यासारखा आहे. त्यातील हक्क थोडक्यात चार आहेत: प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरावी, ती कशी चालते हे वाचून तिच्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करावा, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या, आणि आपण सुधारलेली प्रतही दुसऱ्यास द्यावी. अट एकच, की आपण ती पुढे दिली तर आपणांस मिळालेले हेच हक्क, सोर्स कोडसह, घेणाऱ्यासही द्यावे लागतात. म्हणजे बेत घेऊन अंगरखा शिवावा, विकावाही, परंतु गिऱ्हाइकाने बेत मागितल्यास नाही म्हणू नये. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होत असल्याने तेथे फार घोटाळा झाला आणि १९९८ साली 'ओपन सोर्स' हे दुसरे नाव काही मंडळींनी पुढे आणिले. आपल्या भाषेत तो घोटाळा नाही. आपल्याकडे 'फुकट' निराळे आणि 'मुक्त' निराळे.

हेलसिंकीचा विद्यार्थी

ग्नूची बहुतेक अंगे सिद्ध झाली, परंतु यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो रखडला. ही उणीव भरून निघाली ती फिनलंड देशातील एका विद्यार्थ्याच्या हातून. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये एक संगणक घेतला. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकविण्याच्या सोयीसाठी १९८७ साली मिनिक्स नावाची लहान प्रणाली रचली होती. तिचा अभ्यास करता करता लिनसने स्वतःचा कर्नल लिहावयास घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण हौसेखातर एक प्रणाली करीत आहोत, ती काही मोठी होणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्याने मिनिक्सच्या अभ्यासकांस पाठविला. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते. सप्टेंबरात पहिला कच्चा पाठ निघाला. आपल्या कृतीस तो 'फ्रीक्स' म्हणणार होता. ज्याने त्या फाइली ठेवण्यास जागा दिली त्या सहकाऱ्याने त्या कप्प्यास 'लिनक्स' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

प्रथम लिनसने अशी अट घातली होती की, कोणी पैसे घेऊ नयेत. परंतु फ्लॉपी उतरवून देणाऱ्यास निदान फ्लॉपीची किंमत तरी मिळावी, हे लक्षात आल्यावर १९९२ साली त्याने जी.पी.एल. परवाना स्वीकारला. या एका निर्णयामुळे स्टॉलमन यांचे ग्नू आणि लिनसचा कर्नल यांची गाठ पक्की बसली. आवृत्ती १.० मार्च १९९४ मध्ये निघाली.

कर्नल म्हणजे कापड नव्हे की अंगरखा नव्हे. सामान्य माणसास तो वापरता येण्यासाठी कोणीतरी सर्व तुकडे जोडून, टाके घालून द्यावयास हवे होते. ते काम १९९३ साली पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांच्या स्लॅकवेअरने आणि इयन मर्डॉक यांच्या डेबियनने आरंभिले. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स ही तबकडी काढली. तिची मौज अशी की, ती संगणकात घालून यंत्र सुरू केले असता प्रणाली तबकडीवरूनच चाले आणि घरातल्या हार्ड डिस्कला हातही लागत नसे. अंगरखा विकत घेण्यापूर्वी अंगावर घालून पाहण्याची ही सोय होय. ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने उबुंटू निघाली. तिच्या तबकड्या मागेल त्यास जगभर टपालाने पाठविण्यात येत. टपालखर्चही घेत नसत. ही व्यवस्था २०११ पर्यंत चालली.

आपल्या देशात १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांस दिली, तेव्हापासून पुष्कळ हौशी मंडळींस तिची ओळख झाली. २००७ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय प्रणाली काढली. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतून संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटते.

तबकडी घरी येते

आमचा संबंध आला तो २००६ साली. शाळेत संगणक आले होते आणि ज्यास शिकविण्याची सवय त्याने शिकावयासही हवे, म्हणून आम्ही चाळिशी उलटल्यावर त्या यंत्रापुढे बसू लागलो. घरीही एक जुना संगणक घेतला. एका तरुण सहशिक्षकांनी उबुंटूची माहिती सांगितली. सातशे मेगाबाइटची ती तबकडी घरच्या दूरध्वनीवरून उतरवून घ्यावयाची तर पूर्ण वेगाने आणि न तुटता सवा दिवस लागला असता, आणि आमच्या गावी तर दर तासाला संपर्क तुटत असे. म्हणून टपालाने मागणी नोंदविली व विसरून गेलो.

सुमारे दोन महिन्यांनी पोस्टमन परदेशी टपाल घेऊन दारात उभे राहिले. "गुरुजी, सही करा," म्हणाले. आम्ही विचारले, "पैसे किती द्यावयाचे?" त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "काहीच लिहिलेले नाही." आमच्या सौभाग्यवतींस ते खरे वाटेना. परदेशातून कोणी फुकट काही पाठवीत नाही, मागून बिल येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. बिल आजपर्यंत आलेले नाही.

तबकडी घालून यंत्र सुरू केले. बराच वेळ काळा पडदा, मग तपकिरी रंगाचा. यंत्राची स्मरणशक्ती बेताची असल्यामुळे एकेक खिडकी उघडण्यास चहा होण्याइतका अवधी लागे. परंतु उघडत होती खरी. आमचे गणित, मराठी सर्व तपासून पाहिले. देवनागरीचा कीबोर्ड निवडून आम्ही पहिला शब्द लिहिला तो 'ज्ञाती'. जोडाक्षर जसे हवे तसे उमटले, आणि त्यासाठी आम्हांस कोणताही निराळा टाईप विकत घ्यावा लागला नव्हता.

उत्साहाच्या भरात पुढच्याच रविवारी आम्ही ती प्रणाली कायम बसविण्याचे ठरविले. संपूर्ण डिस्क वापरावी काय, असा प्रश्न पडद्यावर आला आणि आम्ही होय म्हटले. त्यायोगे दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि कन्येच्या साखरपुड्याची छायाचित्रे कायमची गेली. प्रणालीने विचारल्याशिवाय काही केले नव्हते. प्रश्न न वाचता उत्तर दिले ते आम्ही, आणि वर्गात हाच दोष आम्ही मुलांस सांगत आलो होतो! पुढे मोडेम चालेना, छपाईयंत्र ओळखेना. त्या यंत्रांच्या कारखानदारांनी त्यांची माहिती कोणास दिली नव्हती, त्यामुळे प्रणाली लिहिणाऱ्यांस ती चालविता येत नव्हती. बेत लपविण्याचा त्रास असा दूरवर पोहोचतो. छपाईयंत्र काही महिन्यांनी नव्या आवृत्तीबरोबर चालू झाले. मोडेम शेवटपर्यंत चालला नाही, तो आम्ही बदलला.

नोंदवहीचे कुलूप

आता मुख्य गोष्ट. २००१ साली आपल्या संस्थेने गावोगाव स्वयंसेवक पाठवून कुटुंबांची माहिती गोळा केली, हे जाणत्या बांधवांस आठवत असेल. मूळ गाव, गोत्र, व्यवसाय, शिक्षण, सोयरिकी, आणि विशेष म्हणजे प्रत्येक घरातील वृद्धांनी सांगितलेल्या पूर्वजांच्या आठवणी त्या अर्जांत होत्या. सर्व मजकूर संगणकावर उतरविला गेला. निधीच्या अभावी छापली गेली ती केवळ कुटुंबप्रमुखांची नावनिशी. मूळ अर्ज कार्यालयाच्या माळ्यावर होते, ते गळतीने आणि वाळवीने गेले. बाकीचा मजकूर संगणकात सुरक्षित आहे, या विश्वासावर आपण सर्व निश्चिंत राहिलो.

२०२३ साली नव्या आवृत्तीसाठी त्या फाइली उघडल्या, तो पडद्यावर अक्षरे नव्हती, इंग्रजी चिन्हांचा नुसता केरकचरा होता. कारण असे की, तो मजकूर एका विशिष्ट मराठी टाईपात लिहिलेला होता. ते सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे कुलूप, ज्यास डोंगल म्हणतात, ते लावल्याखेरीज चालत नसे. डोंगल हरवले होते, आणि असते तरी ते लावण्याची जागाच नव्या संगणकांस राहिलेली नाही. ज्या वृद्धांनी त्या आठवणी सांगितल्या, त्यांपैकी बहुतेक दिवंगत झाले आहेत. आमच्या आजोबांच्या बाराबंदीची गोष्ट संपूर्ण ज्ञातीच्या बाबतीत घडण्याची वेळ आली होती.

हा दोष कोठे होता ते सांगितले पाहिजे. त्या काळच्या अशा टाईपांत प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती बसवीत असे. संगणकाच्या लेखी तेथे 'क' नसून कोठलेसे इंग्रजी चिन्हच असे. कोणत्या चिन्हास कोणती आकृती, हा बेत त्या टाईपाबरोबर राही. टाईप गेला की केरकचरा उरे. याउलट युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे आणि तो कोणासही पाहता येतो. हा संकेत १९९१ सालीच प्रसिद्ध झाला होता आणि देवनागरी त्यात तेव्हापासून आहे. परंतु आपल्याकडे तो व्यवहारात रुळण्यास बरीच वर्षे लागली.

आम्ही त्या फाइली घरी आणिल्या. घरच्या लिनक्सवर असलेल्या लिबरऑफिसने त्या उघडल्या, परंतु केरकचरा तसाच. तेव्हा आमच्या बंधूंचे चिरंजीव, जे संगणकाचे शिक्षण घेत आहेत, म्हणाले, "काका, छापलेली नावनिशी याच टाईपातली आहे ना? मग दोन्ही शेजारी ठेवू. कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, ते तुम्ही सांगा. पुढचे मी बघतो." एका बाजूस छापील पान, दुसऱ्या बाजूस पडद्यावरील चिन्हे. आम्ही चिन्ह वाचावे, सौभाग्यवतींनी छापील अक्षर सांगावे, आणि चिरंजीवांनी लिहून घ्यावे, असे नऊ दिवस चालले. त्या कोष्टकावरून त्यांनी पायथन नावाच्या मुक्त भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिल्या प्रयत्नात एक मौजेची चूक झाली. सर्व ऱ्हस्व वेलांट्या एकेक अक्षर मागे पडल्या. 'शिंपी' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, परंतु उच्चारताना 'श' आधी आणि 'इ' मागून येते. जुना टाईप हाताच्या क्रमाने चाले, युनिकोड जिभेच्या क्रमाने चालतो. रफाराचे असेच, फक्त उलट. हे कळण्यास संगणकशास्त्र नको, बाराखडी पुरे. येथे मात्र आमची तीस वर्षांची शिक्षकी उपयोगी पडली! ती दुरुस्ती झाल्यावर पडद्यावर पहिले पान स्वच्छ उमटले. त्यात एका मातोश्रींनी सांगितलेली, दुष्काळात गाव सोडताना डोक्यावर शिवणयंत्र घेऊन चाललेल्या सासऱ्यांची आठवण होती. ते वाचून सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. आमचीही स्थिती वेगळी नव्हती.

काही जोडाक्षरे अद्याप चुकीची येतात, एक फाइल तर उघडलीच नाही. तथापि नोंदवहीचा फार मोठा भाग आज वाचता येतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हे काम दुसऱ्या एखाद्या प्रणालीवरही झाले असते. नोंदवही परत मिळाली ती एका प्रणालीच्या चमत्काराने नव्हे. वापरलेले प्रत्येक साधन उघडे होते, अडले तेथे कारण पाहता येत होते, आणि कोठेही कोणाच्या कुलपापाशी थांबावे लागले नाही, म्हणून मिळाली.

उपसंहार

आज ज्ञातिबांधवांच्या खिशांत जे अँड्रॉइड फोन आहेत, त्यांचा गाभा लिनक्सच होय. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अग्रगण्य पाचशे महासंगणकांच्या यादीतील एकूणएक यंत्रे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी' या यंत्राने २०२० साली त्या यादीत ६३ वे स्थान मिळविले होते. एका विद्यार्थ्याच्या हौशीचे हे फळ, कारण त्याने बेत झाकला नाही.

श्री नामदेवरायांचे नाव सांगणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये. नामदेवरायांची वाणी कोणा एका घराण्याच्या पेटीत राहिली नाही. ज्याने त्याने ती आपल्या वहीत उतरून घेतली, गाताना पाठभेद झाले, तरीही ती टिकली. ती पंजाबपर्यंत गेली आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या ६१ पदांस स्थान मिळाले. उतरून घेण्यास बंदी असती, तर आज आपण काय गायले असते?

आमची संस्थेच्या चालकांस व बांधवांस तीन गोष्टींची नम्र सूचना आहे. पहिली, ज्ञातीची नोंदवही यापुढे युनिकोडमध्ये आणि सर्व प्रणालींवर उघडेल अशा स्वरूपात ठेवावी, आणि तिच्या प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी असाव्या. कुटुंबांची खासगी माहिती चव्हाट्यावर मांडावी असा याचा अर्थ नव्हे. किल्ली आपलीच असावी, परंतु ती दुसऱ्याच्या खिशात नसावी, एवढेच. दुसरी, जुने झाले म्हणून घरोघर पडून असलेले संगणक टाकून न देता वसतिगृहास द्यावे. आता टपालाची वाट पाहावयास नको. प्रणाली उतरवून पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यावरून यंत्र सुरू केले, की हार्ड डिस्कला हात न लावता ती तपासून पाहता येते. पसंत पडल्यासच बसवावी, आणि बसविण्यापूर्वी आपले कागदपत्र व छायाचित्रे दुसरीकडे उतरून घ्यावी. हा अनुभवाचा सल्ला आहे. हिशेबाची काही सॉफ्टवेअर आणि काही छपाईयंत्रे तिच्यावर चालत नाहीत, तेवढे आधी पाहावे.

तिसरी सूचना आपल्या वयोवृद्ध कारागिरांस आहे, आणि ती हात जोडून आहे. आपणांपैकी ज्यांस नऊवारी चोळी, अंगरखा, बंद गळ्याचा कोट जुन्या पद्धतीने बेतता येतो, त्यांनी तो बेत एकदा कागदावर काढून द्यावा. लिहिणे जमत नसेल त्यांनी आम्हांस कळवावे. आम्ही वही व कॅमेरा घेऊन येऊ, आणि कापड बेतले जात असताना कोणासही पाणी आणावयास पाठवू नये, एवढीच विनंती करू.